गुन्हा दोघांचा, वही एकीची

दिवाळी अंकात हा विषय? चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणी ना कोणी हा प्रश्न विचारणारच. अंक घरात आला की तो आजोबांपासून कॉलेजातल्या नातीपर्यंत सर्वांच्या हातून फिरतो. मग वेश्याव्यवसायाखेरीज दुसरे काही लिहायला सुचले नाही काय? आमचे उत्तर एवढेच, की ज्या विषयावर घरंदाज माणसांनी तोंड उघडू नये असा दंडक असतो, त्या विषयावरचे कायदे मात्र घरंदाज माणसेच करीत असतात. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात तसे कायदे झाले, आणि ते उलथून टाकायला जी बाई पुढे सरसावली ती एका पाद्र्याची बायको आणि चार मुलांची आई होती. तेव्हा ही गोष्ट वाटते तितकी घराबाहेरची नाही.

आरंभ मात्र पॅरिसपासून केला पाहिजे. कारण ह्या बाबतीत साऱ्या युरोपने गिरवलेला कित्ता पॅरिसचा. तिथे पारां-द्यूशातले नावाचे एक डॉक्टर होते. शहराची गटारे हा त्यांच्या अभ्यासाचा खास विषय. सांडपाणी कुठून वाहते, कुठे तुंबते, त्याने कोणते रोग होतात, ह्यावर त्यांनी पुष्कळ लिहिले, आणि मग तीच चिकाटी त्यांनी पॅरिसमधल्या वेश्यांच्या अभ्यासाला लावली. पोलिसांच्या नोंदवह्या उपसल्या, बारा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती चाळली. हा ग्रंथ १८३६ साली बाहेर पडला, आणि त्याच साली ग्रंथकर्ते वारले. मोठ्या शहराला गटारे जशी लागतात तशा वेश्याही लागतात. दोन्ही डोळ्यांआड असावीत आणि दोन्हींवर सरकारची देखरेख असावी, असा त्यांचा एकंदर सिद्धान्त. ऐकायला किळसवाणा वाटतो खरा. पण पुढची पन्नास-साठ वर्षे युरोपातली सरकारे ह्याच सिद्धान्तावर चालली.

गंमत अशी, की हा गटारांचा अभ्यासक मोठा प्रामाणिक होता. ह्या बायका ह्या वाटेला का लागतात ह्याचे विवेचन करताना त्यांनी आळस आणि नटण्यामुरडण्याची हौस ह्यांना मानाचे पान दिले. त्या काळी कुठल्याही सभ्य गृहस्थाने हेच सांगितले असते. पण त्याच पुस्तकात ५,१८३ स्त्रियांचा एक तक्ता आहे. त्यात आळसाचा रकानाच नाही! १,४४१ जणी निव्वळ दारिद्र्यामुळे आलेल्या. १,२५५ जणींचे आईबाप वारलेले, किंवा घरातून हाकलून दिलेल्या. १,४२५ जणींना ज्याच्याबरोबर त्या राहत होत्या त्याने टाकलेले. ४०४ जणींना शिपायांनी, विद्यार्थ्यांनी किंवा अशाच कोणी पॅरिसला आणून वाऱ्यावर सोडलेले. २८९ मोलकरणी, ज्यांना धन्यानेच नादी लावले आणि मग घराबाहेर काढले. आणि खाली अगदी लहान आकडे: ३७ जणी म्हाताऱ्या, आजारी आईबापांना पोसण्यासाठी, २९ जणी थोरल्या बहिणी, पाठच्या भावंडांसाठी, २३ जणी विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या, पदरच्या मुलांसाठी.

ह्या २९ थोरल्या बहिणींपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. पण पोलिसांना ठाऊक होती. कारण ती वहीत होती.

ही वही हेच पॅरिसच्या पद्धतीचे मर्म. वेश्याव्यवसायाला कायद्याची मान्यता नव्हती, बंदीही नव्हती. पोलिसखात्याची ‘सहनशीलता’ होती. बाईने, किंवा बाईच्या वतीने पोलिसांनी, नाव नोंदवायचे. मग तिने एक तर परवाना असलेल्या बंद घरात राहायचे, नाही तर खिशात कार्ड बाळगून ठरल्या वेळी, ठरल्या रस्त्यावर उभे राहायचे. आणि ठरल्या दिवशी डॉक्टरपुढे जायचे. रोग आढळला, किंवा नियम मोडला, की सॅं-लाझारच्या तुरुंगात रवानगी. त्यासाठी न्यायाधीश लागत नसे, खटला लागत नसे, वकील तर नाहीच. अधिकाऱ्याची सही पुरे. ज्याच्यापासून तिला रोग झाला, किंवा ज्याला तिच्यापासून झाला, त्याचे नाव मात्र कुठल्याच वहीत नाही. तो आपला संध्याकाळी घरी जाऊन मुलांचा अभ्यास घ्यायला मोकळा.

रशियात तर नोंद झालेल्या बाईचा पासपोर्ट काढून घेऊन तिच्या हातात पिवळे तिकीट देत. दस्तयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ ह्या कादंबरीतली सोन्या, बापाच्या दारूपायी आणि सावत्र भावंडांच्या भुकेपायी असे तिकीट घेणारी मुलगी, आपल्या पुष्कळ वाचकांच्या ओळखीची असेल. इटलीत १८६० साली काव्हूरने पॅरिसचीच पद्धत आणली. बेल्जियम, जर्मन राज्ये, ऑस्ट्रिया ह्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने तेच.

इंग्लंडला मात्र आपल्या शुचितेचा मोठा अभिमान. अशा वह्या ठेवणे हे फ्रेंचांचे काम! आमच्याकडे पतित स्त्रियांचा उद्धार करतात. आणि करीत असत, हे खोटे नव्हे. खुद्द चार्ल्स डिकन्सने एका धनाढ्य बाईंच्या मदतीने १८४७ साली लंडनमध्ये अशा मुलींसाठी एक आश्रम काढला होता. तिथे त्यांना घरकाम शिकवीत, चांगले कपडे देत, आणि मग ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या वसाहतींत पाठवून देत. दया होती, पण ती बोटीचे तिकीट काढून देणारी दया होती. शेजारच्या घरात येऊन राहा, असे म्हणणारी नव्हती.

नाटक-कादंबऱ्यांनी ह्या बाईला एकच सोय ठेवली होती: शेवटच्या अंकात मरण्याची. धाकट्या ड्यूमाच्या कादंबरीतली कॅमेलियाची फुले माळणारी नायिका क्षयाने मरते, तिच्यावरून व्हेर्दीने १८५३ साली रचलेल्या संगीतिकेतही मरते, आणि बॉक्समध्ये बसलेले कुटुंबवत्सल गृहस्थ डोळे पुसतात. पण विल्यम ऍक्टन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८५७ साली मोठा ग्रंथ लिहून सांगितले, की अहो, ह्या बायका काही अशा मरत नाहीत. बऱ्याच जणी चार-दोन वर्षांनी ही वाट सोडतात, कामधंद्याला लागतात, चक्क लग्न करून संसार करतात. पारां-द्यूशातलेचाही अनुभव असाच होता. म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत हे एक वाईट वळण होते, वस्तीचे गाव नव्हे. हातातले काम सुटले, शिवणाची मजुरी पोटाला पुरेना, की रस्त्यावर. पुन्हा काम मिळाले की पुन्हा कामावर. हे ध्यानात ठेवावे. कारण पुढच्या कायद्याने नेमकी हीच परतीची वाट बुजवली. आणि नवल म्हणजे त्या कायद्याचे मोठे पुरस्कर्ते हेच ऍक्टनसाहेब!

तो कायदा झाला १८६४ साली. निमित्त लष्कराचे. इंग्रज फौजेत आजारी पडणाऱ्या शिपायांपैकी जवळजवळ एक तृतीयांश गुप्तरोगाचे रोगी असत. ह्यात नवल कसले? शंभरांत साधारण सहा शिपायांनाच बायको जवळ ठेवायची परवानगी. बाकीच्यांनी ब्रह्मचर्य पाळावे अशी सरकारची अपेक्षा! पूर्वी शिपायांचीही तपासणी होत असे. पण शिपायांना ती अपमानाची वाटते, त्यांचे मनोधैर्य खचते, म्हणून ती १८५९ च्या सुमारास बंद झाली. मग तपासायचे कोणाला? उरली ती बाई. तिला मनोधैर्य असण्याचा प्रश्नच नव्हता.

‘सांसर्गिक रोगांचा कायदा’ असे त्याला साळसूद नाव दिले. गुरांच्या सांसर्गिक रोगांविषयीही त्या वेळी कायदे होत होते, तेव्हा हाही त्यांतलाच एक असावा असे पुष्कळांना वाटले, आणि पार्लमेंटात फारशी चर्चा न होता तो मंजूर झाला. आधी अकरा लष्करी गावे आणि बंदरे; १८६६ आणि १८६९ साली कायदा वाढत वाढत अठरा ठिकाणी पोचला. साध्या वेषातले पोलीस गावात फिरत. एखादी बाई ‘तसली’ असल्याचा त्यांना संशय आला की पुरे. ‘तसली’ म्हणजे कशी, ह्याची व्याख्या कायद्यात कुठेही नव्हती! पोलीस एक कागद पुढे करीत: मी आपखुशीने तपासणीला तयार आहे. वाचता न येणाऱ्या बायका त्यावर फुली मारीत. नाकारले तर मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहायचे आणि आपण तसल्या नाही हे आपणच सिद्ध करायचे. रोग आढळला तर ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या कोंडवाड्यात आधी तीन, मग सहा, आणि १८६९ नंतर नऊ महिन्यांपर्यंत अटक.

शास्त्राच्या दृष्टीने तरी ह्याचा काही उपयोग होता काय? उपदंशाचा जंतू सापडला १९०५ साली, आणि त्याच्यावरचे पहिले खरे औषध निघाले १९१० साली. त्याआधी डॉक्टरांपाशी पारा होता, आणि अंदाज होता. अर्ध्या रोग्यांना कोंडायचे आणि उरलेल्या अर्ध्यांना छावणीत मोकळे सोडायचे, हा रोग आटोक्यात आणण्याचा कुठला उपाय? पण तपासणीचा एक परिणाम मात्र हमखास झाला. ठरल्या दिवशी कोण त्या इमारतीकडे जाते हे गल्लीतली पोरेसोरेसुद्धा ओळखू लागली. काल जी धोबीण होती, शिवणारीण होती आणि कधीमधी रात्री बंदरावर जात होती, ती आता कायमची ‘नोंदलेली बाई’ झाली. तिला खोली कोण देणार, काम कोण देणार, लग्नाचे कोण विचारणार?

इथे आपल्या कथेत जोसेफीन बटलर येतात. जन्म १८२८ चा. वडील शेतीसुधारक आणि गुलामगिरीचे कट्टर शत्रू. अन्याय म्हणजे काय हे ह्या मुलीने घरच्या जेवणाच्या टेबलावरच ऐकलेले. नवरा जॉर्ज बटलर धर्मोपदेशक आणि शिक्षक. १८६४ साली, म्हणजे तो कायदा झाला त्याच साली, त्यांची एकुलती एक मुलगी ईव्हा आईबाप बाहेरून आल्याचे पाहून जिन्याकडे धावली आणि कठड्यावरून त्यांच्या डोळ्यांदेखत खाली पडली. ती वाचली नाही. पुढे दोन वर्षांनी नवऱ्याच्या नोकरीमुळे हे कुटुंब लिव्हरपूलला आले. दुःखाने पोळलेल्या ह्या बाईंनी आपल्याहून दुःखी माणसे शोधायचे ठरवले, आणि त्या तिथल्या वर्कहाउसात, म्हणजे निराधारांच्या सरकारी आसऱ्यात, जाऊ लागल्या. तळघरात शेकडो बायका जुने डांबरलेले दोरखंड बोटांनी पिंजून सुटे करीत बसत; त्या मोबदल्यात भाकरी आणि निवारा. जोसेफीनबाई त्यांच्यात जमिनीवर बसल्या आणि स्वतः दोर पिंजू लागल्या. बायका आधी हसल्या, मग बोलू लागल्या. पुढे ह्यांतल्या काही आजारी मुलींना त्यांनी सरळ आपल्या घरी आणले. आश्रमात नव्हे, घरी. जिथे त्यांचे तीन मुलगे वाढत होते.

१८६९ साली ह्या कायद्यांविरुद्ध उभे राहण्याची त्यांना गळ घालण्यात आली. त्या धास्तावल्या, आणि ते साहजिकच होते. सभ्य स्त्रीने व्यासपीठावर चढणे हेच आक्रीत. त्यात विषय हा! नवऱ्याची नोकरी जाईल, मुलांना शाळेत टोमणे बसतील. अखेर त्यांनी नवऱ्याला विचारले, आणि त्याने होकार दिला. पुढे खरोखरच जॉर्ज बटलरना भर धर्मसभेत ह्या विषयावर बोलू दिले नाही, आरडाओरडा करून खाली बसवले. पण ते बायकोच्या पाठीशी शेवटपर्यंत राहिले. इतिहासात अशा नवऱ्यांचे पुतळे उभारीत नाहीत. उभारायला हरकत नव्हती.

१ जानेवारी १८७० रोजी ‘डेली न्यूज’ पत्रात स्त्रियांचे निषेधपत्र झळकले. सह्यांमध्ये हॅरिएट मार्टिनो होत्या आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. लंडनचे मुत्सद्दी गोंधळून गेले. विरोधी पक्षाशी कसे वागायचे ते त्यांना ठाऊक होते, कामगारांशी कसे वागायचे तेही. पण बायकाच उठल्या तर काय करावे हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नव्हते. एका खासदाराने तर पार्लमेंटात सांगून टाकले, की ह्या चळवळ्या बायका वेश्यांहूनही वाईट.

बाईंना पहिला पाठिंबा मिळाला तो क्रूच्या रेल्वे कारखान्यातल्या कामगारांकडून. पोलिसांची नजर कोणाच्या बायकामुलींवर पडणार हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्याच साली कोल्चेस्टरच्या पोटनिवडणुकीत सरकारने सर हेन्री स्टोर्क्स ह्यांना उभे केले. माल्टा बेटावर हीच पद्धत त्यांनी कडकपणे राबवली होती. बटलरबाई विरोधी प्रचाराला गेल्या. हॉटेलासमोर जमाव जमला, इमारत पेटवण्याच्या धमक्या आल्या, मालकाने रातोरात त्यांना बाहेर काढले, आणि एका कामगाराच्या घरात लपून त्यांनी दिवस काढले. पण स्टोर्क्स पडले! दोन वर्षांनी पाँटेफ्रॅक्टला त्यांनी गवताच्या माळ्यावर बायकांची सभा घेतली, तर खाली पेंढा पेटवून दिला गेला. वर धूर, आणि खाली उतरायला एकच मार्ग. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

सरकारने चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले. बटलरबाईंनी त्याच्यापुढे साक्ष दिली. १८७१ च्या अहवालात कमिशनने म्हटले ते असे, की वेश्या आणि तिच्याकडे जाणारा पुरुष ह्यांची तुलनाच होऊ शकत नाही. ती पैशासाठी करते, त्याचे मात्र एका नैसर्गिक प्रवृत्तीचे थोडेसे वाट चुकणे. एवढे स्पष्ट कबूल केल्याबद्दल कमिशनचे आभारच मानले पाहिजेत. एरवी हे सगळेजण मनात म्हणत, कमिशनने छापले. इंग्लंडचा घटस्फोटाचा कायदाही ह्याच मापाने शिवलेला होता: बायकोचा व्यभिचार सिद्ध झाला की नवरा मोकळा, नवऱ्याचा सिद्ध झाला तरी बायकोला जोडीला छळ किंवा परित्याग असे आणखी काही दाखवावे लागे. ही विषमता १९२३ पर्यंत टिकली.

ह्या सगळ्यात लोकांचे मन हलवले ते एका गाणारीच्या मरणाने. ऑल्डरशॉट ह्या छावणीच्या गावात श्रीमती पर्सी नावाची एक विधवा गाण्याच्या कार्यक्रमांत गाऊन मुलांचे पोट भरीत असे. घरात वयात आलेली मुलगी. पोलिसांनी मायलेकींना तपासणीला बोलावले. बाईंनी साफ नकार दिला. मग जिथे त्या गात तिथल्या मालकांना समज दिली गेली, आणि काम तुटले. बाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहून आपली कैफियत मांडली; उपयोग झाला नाही. मार्च १८७५ मध्ये त्या कालव्यात बुडालेल्या सापडल्या. पोरक्या मुलीला बटलरबाईंनी आधार दिला. ह्या बाईंचे नाव वहीत नव्हते. त्यांनी ते वहीत येऊ दिले नाही, एवढाच त्यांचा अपराध.

आता हे सारे साता समुद्रापलीकडचे, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. हाच कायदा १८६८ साली हिंदुस्थानात आला, आणि १८७० मध्ये मुंबईतही लागू झाला. खर्च कोणी करायचा ह्यावरून नगरपालिकेशी वाजले, आणि दोन वर्षांत तो गुंडाळावा लागला. पुढे पुन्हा आणला. लष्करी छावण्यांत तर गोऱ्या पलटणींसाठी रेजिमेंटच्या बाजारात बायकांची वेगळी वस्तीच असे. १८८६ साली लष्कराच्या क्वार्टरमास्टर जनरलने एक परिपत्रक काढले: पलटणींच्या बाजारात बायका पुरेशा असाव्यात, त्यांना राहायला नीट घरे द्यावीत, आणि हो, त्या दिसायला बऱ्या असतील ह्याची काळजी घ्यावी! हा कागद फुटला आणि विलायतेत छापला गेला, तेव्हा एकच गहजब उडाला. ५ जून १८८८ रोजी कॉमन्स सभेने हिंदुस्थानातली ही पद्धत रद्द करण्याचा ठराव केला. त्यानंतरही छावण्यांत तेच चालू असल्याचे दोन अमेरिकन बायकांनी १८९१-९२ मध्ये हिंडून, बायकांशी बोलून उघडकीस आणले. लॉर्ड रॉबर्ट्सनी आधी इन्कार केला, आणि १८९३ मध्ये दिलगिरी व्यक्त केली.

खुद्द इंग्लंडात तोवर निकाल लागला होता. जेम्स स्टॅन्सफेल्ड नावाच्या खासदाराने मंत्रिपदाची आशा सोडून ह्या कामाला वाहून घेतले होते. त्यांचा ठराव एप्रिल १८८३ मध्ये १८२ विरुद्ध ११० मतांनी संमत झाला आणि सक्तीची तपासणी थांबली. १८८६ साली कायदे रीतसर रद्द झाले. सोळा वर्षे लागली.

पण विजयाच्या मागोमाग एक चमत्कारिक गोष्ट घडली. १८८५ साली स्टेड ह्या संपादकाने लहान मुलींच्या खरेदीविक्रीवर लेखमाला लिहून लंडन हादरवले. संमतिवय तेराचे सोळा झाले, ते योग्यच झाले. त्याच कायद्याने कुंटणखाने बंद करण्याचे अधिकारही दिले. आता ठिकठिकाणी शुद्धीकरणाच्या समित्या निघाल्या, आणि त्यांत बटलरबाईंचे कालचे कितीतरी सहकारी होते. त्यांनी खोल्याखोल्यांतून ह्या बायकांना हुसकावून लावायला सुरुवात केली. काल पोलीस त्यांना तपासणीला ओढीत. आज सज्जन त्यांना रस्त्यावर काढू लागले. म्हाताऱ्या होत चाललेल्या बटलरबाई बजावीत राहिल्या, की दंडुक्याने कोणाला सदाचारी करता येत नाही. फारसे कोणी ऐकले नाही. १९०६ च्या डिसेंबरात त्या वारल्या.

आणि पॅरिस? जिथून हा कित्ता निघाला तिथे तो पुष्कळ काळ टिकला. परवान्याची बंद घरे कायद्याने मिटली ती १९४६ साली, दुसरे महायुद्ध संपल्यावर. मात्र त्याच वर्षी आरोग्याच्या नावाखाली ह्या स्त्रियांची एक नवी नोंद सुरू करण्यात आली. घरे गेली, वही राहिली. ती रद्द व्हायला १९६० साल उजाडले.